बोक्याचं काळीज

गोवा मुक्त झाला त्याच्या आगेमागे माझी मालवणच्या गुरांच्या दवाखान्यात बदली झाली. मी घाटावरचा. पदवी घेऊन तीन वर्षं झाली होती आणि आपल्याला बरंच काही येतं अशी माझी समजूत होती. दवाखाना म्हणजे दोन कौलारू खोल्या, मागे बैलाला जखडायचा लाकडी खोडा आणि पिकल्या केसांचा एक कंपाउंडर. येणारं जनावर बहुतेक बैल नाहीतर म्हैस. खांदा सुजलेला, पोट फुगलेलं, खुरात किडे झालेले. कुत्रं क्वचित येई, तेही पिसाळल्याच्या संशयानं. मांजर घेऊन दवाखान्यात जावं हे तेव्हा कुणाच्या डोक्यातच येत नसे. आमच्या कॉलेजातही मांजर हा विषय कुत्र्याच्या मागोमाग जाता जाता उरकला जाई. छातीला नळी लावून काळजाचे ठोके ऐकायला आम्ही शिकलो ते घोड्यावर आणि बैलावर. कुत्र्याचे एका दुपारी ऐकले. मांजराचे मी एकदाही ऐकले नव्हते.

ही सबब म्हणून सांगत नाही. पुढे जे झालं ते कसं झालं हे कळावं म्हणून सांगतो.

माझ्या बिऱ्हाडापासून थोड्या अंतरावर, किनाऱ्याच्या माडांत, एक म्हातारे तांडेल राहत. स्वतःच्या गलबतावर त्यांनी चाळीस वर्षं काढली होती. मंगळूरची कौलं, कोचीनचा काथ्या, मुंबईला नारळ, असा त्यांचा फेरा असे. पुढे माल ट्रकांनी आणि आगबोटींनी जाऊ लागला आणि त्यांनी गलबत विकलं. गलबतावरून त्यांनी घरी काय आणलं, तर एक होकायंत्र आणि एक पिवळा बोका. शिडं आणि दोर उंदरांनी कुरतडू नयेत म्हणून गलबतावर मांजर ठेवत. हा बोका कोचीनच्या धक्क्यावर पिल्लू असताना चढला होता आणि पाच वर्षं त्यांच्याबरोबर दर्यात हिंडला होता. जमिनीवर आल्यावर तो त्यांच्या मागोमाग वाळूतून चालत जाई आणि म्हातारे ओंडक्यावर बसले की शेजारी बसे. येणाऱ्याजाणाऱ्याला ते दोघे पाण्याकडे पाहत बसलेले दिसत.

तांडेलांची बायको वारलेली. एकुलता मुलगा मुंबईहून सुटणाऱ्या मालवाहू बोटीवर नोकरीला होता, वर्षातून एकदा महिनाभर येई. घरात म्हातारे आणि सून. सून देवगडकडची, विशी-बाविशीची, कामाला वाघीण. पहाटे उठून ती माडाची झावळं ओढण्यापासून भात कांडण्यापर्यंत सगळं एकटी करी. तिचा आवाज मोठा होता. बोक्यानं वाळत घातलेला बांगडा पळवला की तिचं ओरडणं रस्त्यापर्यंत ऐकू येई. चुलीतलं लाकूड उगारून ती त्याच्यामागे अंगणभर धावलेली मी स्वतः पाहिली होती. म्हातारे पडवीतून हसत. दोघांचं, म्हणजे सासऱ्याचं आणि सुनेचं, बरं चाललं होतं. बाजारातून मासळी आणली की ती आधी त्यांना दाखवी, मगच चिरायला बसे.

एका सकाळी तांडेल दवाखान्यात आले. हातात टोपली, वर ओला पंचा झाकलेला. आतून बोका किंचाळत होता. मांजराचा तसा आवाज मी आधी ऐकला नव्हता. सरकारी दवाखाना म्हणून तांडेलांनी ठेवणीतलं मराठी काढलं.

"नमस्कार. आमच्या मांजराला काहीतरी झालेलं आहे. आपण जरा पाहावं."

मी पंचा काढला. बोका पुढच्या दोन पायांवर उठायला बघत होता. मागचे दोन्ही पाय ओल्या कापडासारखे लोळत होते. बाहेर खोड्यात एक बैल बांधून ठेवला होता, त्याचा मालक दोनदा डोकावून गेला होता. मी बोक्याच्या कमरेवर बोटं दाबली. त्यानं मान वळवून माझ्या मनगटाला कडकडून चावा घेतला.

"हळू धरा तेका," तांडेल म्हणाले. ठेवणीतलं मराठी गळून पडलं होतं.

मागच्या पंज्यांना हात लावला तर ते गार लागले. आजही ते बोटांना आठवतात. शेवट जवळ आला असेल, असं मला वाटलं. पुढचे पंजे चांगले ऊबदार होते, मग मागचेच गार का, हा प्रश्न माझ्या मनात आला नाही. माझी नळी खिळ्याला टांगलेली होती, हाताच्या अंतरावर.

"कमरेला मार बसलाय," मी म्हणालो. "मणका मोडलाय. कुणीतरी काठी मारली असावी."

तांडेल माझ्याकडे बघत राहिले. "कोण मारतलो तेका? घरात मी आणि सून. तिसरा माणूस नाय."

 मी खांदे उडवले असतील. वेदना कमी व्हायचं इंजेक्शन टोचलं, आशा नाही म्हणून सांगितलं आणि बैलाकडे गेलो. सगळं मिळून पाच मिनिटंही झाली नसतील.

बोका संध्याकाळी गेला.

तीन दिवसांनी सून दवाखान्यात आली. डोक्यावर पदर, हातात काही नाही. बाजाराला म्हणून निघाली असावी. कंपाउंडर औषधं घोटत होता, त्याच्यासमोर ती बोलेना. मी त्याला मागे पाठवलं.

"मामंजींक तुमी काय सांगलात?"

"कमरेला मार बसला असावा, असं."

"कोणी मारल्यान म्हणान सांगलात?"

"मी कुणाचं नाव घेतलेलं नाही."

"नाव कशाक घेवक व्हया? घरात दोनच माणसां."

मला राग आला. ती खरं बोलत होती म्हणून आला, हे आज कळतं. तेव्हा वाटलं, ही शहाणपणा शिकवायला आली आहे.

ती खाली मान घालून सांगू लागली. "मी तेका मारूक नाय, डाक्टर. शिव्या घातलंय, लाकूड उगारलंय, ह्या खरा. पण मारूक नाय. तो चुलीकडे निजलेलो. उठलो, आळस दिल्यान, आणि एकदम वराडलो नि पडलो. मी धावत जावन उचललंय. मागले पाय थंड लागले, पाण्यातल्या धोंड्यासारखे. मामंजी भायरसून इले तेव्हा तो माझ्या हातात होतो."

म्हणजे म्हाताऱ्यांनी पाहिलं ते एवढंच, की बोका तडफडतो आहे आणि तो सुनेच्या हातात आहे.

"तुमी एकदा घराकडे येवा," ती म्हणाली. "असा आपसूक पण होवक शकता, इतक्याच सांगा. तुमचा ते ऐकतले."

"धडधाकट मांजर आपोआप कमरेत मोडत नाही," मी म्हणालो. "मी खोटं कसं सांगू?"

 ती पदर सारखा करून गेली. तिनं मला सगळी लक्षणं सांगितली होती. एखाद्या चांगल्या विद्यार्थ्यानं सांगावीत तशी, क्रमानं. झोपेतून उठला, एकदम ओरडला, पडला, मागचे पाय गार. मी ती ऐकली आणि आरोपीची कैफियत म्हणून बाजूला ठेवली.

पुढचं कंपाउंडरकडून कळत गेलं. तांडेलांनी सुनेला शिवी दिली नाही की हात उचलला नाही. त्यांनी तिच्या हातचं खाणं सोडलं. पडवीत तीन दगड मांडले आणि मातीच्या मडक्यात स्वतःची पेज शिजवू लागले. पाणीही स्वतः विहिरीवरून आणत. घरात एक शब्द नाही. वाडीत बोभाटा झाला. मुक्या जनावराची कंबर मोडणारी बाई, असं तिच्याकडे बघून बायका विहिरीवर गप्प होऊ लागल्या. दोन महिने तिनं ते काढलं. मग एक दिवस ट्रंक घेऊन ती देवगडला माहेरी गेली. मुलगा रजा काढून आला, बापाशी बोलला, बापानं डॉक्टरचं नाव सांगितलं. मुलगा मला भेटायला आला नाही. तो परस्पर देवगडला गेला आणि बायकोला घेऊन मुंबईला निघून गेला. त्या वर्षी तो नेहमीच्या रजेवर घरी आला नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही.

मी तांडेलांना वाळूत ओंडक्यावर बसलेले बघे. नमस्कार करी. ते मान हलवत.

दोन वर्षं गेली. धामापूरला एका शेतकऱ्याची म्हैस अडली होती म्हणून मला बोलावणं आलं. रेडकू सुखरूप सुटलं. हातपाय धुऊन मी अंगणात चहा घेत बसलो होतो. समोर भाताच्या रिकाम्या पोत्यावर घरातला एक करडा बोका उन्हात झोपला होता. माझ्यात आणि त्याच्यात चार हातांचं अंतर. शेतकरी माझ्या शेजारी, त्याची बायको गोठ्यात. आजूबाजूला दुसरं कुणी नाही. बोका उठला, पाठ ताणली, आणि किंचाळून एका अंगावर पडला.

तो आवाज मी ओळखला. कप कुठे ठेवला ते आठवत नाही. मी गुडघ्यांवर बसलो. मागचे पाय लोळत होते. पुढचे पंजे गरम, मागचे गार. पुढच्या पंज्यांचे तळवे गुलाबी होते, मागचे पांढुरके निळे पडत चाललेले. मांडीच्या आतल्या बाजूला, जिथे नाडी लागायला हवी, तिथे बोट ठेवलं. काही नाही. दुसऱ्या मांडीला ठेवलं. तिथंही काही नाही. कात्रीनं मागचं एक नख जास्तच खोल कापून बघितलं. रक्ताचा थेंब आला नाही.

मग पिशवीतून नळी काढली आणि त्याच्या डाव्या कोपराच्या मागे, छातीला लावली. आयुष्यात पहिल्यांदा मांजराचं काळीज ऐकत होतो. दोन ठोक्यांच्या जागी तीन येत होते, दौडत्या घोड्याच्या टापांसारखे. असे ठोके मी म्हाताऱ्या घोड्याच्या छातीत ऐकले होते, त्यामुळे त्यांचा अर्थ मला ठाऊक होता. हे काळीज आजचं बिघडलेलं नव्हतं, कितीतरी महिन्यांपासून बिघडलेलं होतं.

"कोणी मारूक नाय तेका," शेतकरी घाबरून म्हणाला. "तुमी बघल्यात मां?"

"बघितलं," मी म्हणालो.

बोका तासाभरात मेला. मालकाची परवानगी घेऊन मी गोठ्यामागे फणसाखाली त्याला उघडून पाहिलं. मणका धड होता, कुठे ओरखडाही नाही. काळजाची भिंत दुप्पट जाड झाली होती. तिथून निघालेली मोठी रक्तवाहिनी पोटाच्या शेवटी दोन मांड्यांसाठी दुभंगते, नेमकी त्या बेचक्यात काळपट रक्ताची एक गाठ अडकली होती. विडीच्या थोटकाएवढी. काळजात धरलेली गाठ सुटून वाहत आली आणि तिथे रुतली. पायांचं रक्त एका क्षणात बंद झालं. किंचाळी त्याचीच.

 शेतकऱ्यानं हातावर पाणी घातलं तेव्हा मी उठलो.

दुसऱ्या दिवशी तांडेलांकडे गेलो. ते पडवीत जाळं विणत बसले होते. पलीकडे ते तीन दगड तसेच होते, काजळलेले. मी उभ्यानंच सांगायला सुरुवात केली, ते बसा म्हणाले तरी बसवेना. धामापूरचा बोका, गाठ, काळीज, सगळं सांगितलं. तुमच्या बोक्यालाही हेच झालं होतं असं सांगितलं.

त्यांचे हात थांबले. "म्हणजे तिणा मारूक नाय."

"नाही. कुणीच मारलं नव्हतं."

"तुमका तेव्हा नाय समाजला?"

"नाही. मी त्याच्या छातीला नळीच लावली नाही."

"लावली असती तर तो वाचलो असतो?"

"नाही," मी म्हणालो. "वाचला नसता."

म्हाताऱ्यांनी जाळं बाजूला ठेवलं. "पण सून घरात रवली असती," ते म्हणाले.

मी मान हलवली. मग ते माझ्याशी नव्हे, पाण्याकडे बघत बोलले. "चाळीस वर्षां दर्यात गेली. खलाशान काय केल्यान म्हणान कोण सांगूक इलो, तर मी आधी खलाशाचा ऐकान घेतलंय. सुनेक एकदा पण विचारूक नाय. तुमी सांगलात, आणि मी मानलंय."

मला वाटलं होतं ते मला शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी आतून कागद आणि दौत आणली आणि पत्र लिहायला सांगितलं. त्यांना वाचता येई, लिहायला हात थरथरे. त्यांनी मजकूर सांगितला, मी लिहिला. चिरंजीव सौभाग्यवती सूनबाईस अनेक आशीर्वाद. बोका काळजाच्या दुखण्याने गेला असे डॉक्टरांनी शोधून काढले आहे. तुझा काही दोष नव्हता. मी म्हातारा चुकलो. घर तुझे आहे, यावे.

मी वाचून दाखवलं. ते म्हणाले, "म्हातारा खोडा. म्हातारो म्हणान चुकलंय असा नको. नुसता चुकलंय."

मी तो शब्द खोडला. खाली माझ्या चार ओळी घातल्या, की मूळ चूक माझी होती. पत्र मी स्वतः पोस्टात टाकलं.

महिन्याभरानं मुलाचं कार्ड आलं. पत्र पावले. सध्या येणे होत नाही. प्रकृतीस जपावे. तांडेलांनी ते स्वतः वाचलं होतं, तरी माझ्याकडे आणलं. "काय लिवल्यान ता तुमी वाचा." मी वाचलं. "अजून काय नाय?" "नाही." त्यांनी कार्ड हातात घेऊन उलटंसुलटं केलं. "तिच्या हातचा अक्षर खंय दिसता काय बघा." कार्डावर एकाच हाताचं अक्षर होतं.

तेव्हापासून मी संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊ लागलो. ते फारसं बोलत नसत. पेज ते पडवीतल्या दगडांवरच शिजवत. एकदा मी म्हटलं, आता आत चुलीवर का शिजवत नाही. ते म्हणाले, ती चूल तिची.

दवाखान्यात आता मी येईल त्या मांजराच्या आणि कुत्र्याच्या छातीला आधी नळी लावू लागलो. खरूज झालेलं असो की काटा टोचलेला असो. कंपाउंडर हसे. पुढे कधी काळीज बिघडलेलं मांजर सापडलंही, पण औषध माझ्याजवळ नव्हतं. कुणी दोषी नाही, एवढं सांगता यायचं. तेवढं मी प्रत्येक वेळी न विचारता सांगत असे. लोकांना त्याचं नवल वाटायचं.

श्रावणात तांडेलांना ताप भरला. माणसांच्या डॉक्टरांना मीच घेऊन गेलो. छातीत कफ धरला होता. चौथ्या दिवशी सकाळी ते गेले. शुद्ध होती तोवर दारात पाऊल वाजलं की मान वळवत.

मुलाची बोट मुंबई बंदरात होती म्हणून तो येऊ शकला. बायकोला घेऊन आला. बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी ती एकटी दवाखान्यात आली, म्हणजे कडेवर मुलगी होती, दीडेक वर्षाची. मला त्या मुलीबद्दल काहीच माहीत नव्हतं. तांडेलांनाही नव्हतं. ते मला बोलले असते.

ती पूर्वीच्याच जागी उभी राहिली. चेहरा ओढला होता. आवाज तो मोठा आवाज नव्हता.

"तुमचा पत्र गावला होता," ती म्हणाली. "ह्येंनी माका वाचून दाखवल्यानी. त्याच्या आधी एकदा ह्येंनी पण माका विचारल्यानी, खरा काय ता सांग म्हणान. मगे पत्र इला. त्या दिवशी हे जेवूक नाय."

मी खुर्ची पुढे केली, ती बसली नाही.

"बोको माझ्याच अंथरुणात निजायचो, डाक्टर. मामंजींक म्हायत नव्हता. पावसात तो माझ्या पायांकडे येवन निजायचो."

मुलगी कुरकुरली. तिनं तिला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"ह्ये म्हणाले, जावया गावाक. मी म्हटलंय, नको. पावस सरांदे, मगे जावया. माका वाटला, दोन वर्षां मी रडलंय, थोडे दिस तेंका पण वाट बघांदे." ती थांबली. "ह्या चेडवाचा पण कळवूक दिलंय नाय. समोर नेवन एकदम दाखवतलंय म्हणान."

बाहेर तिचा नवरा सामान घेऊन उभा होता. कणकवलीकडे जाणाऱ्या एसटीची वेळ झाली होती आणि त्यानं हाक मारली. पत्र लिहिल्यापासून मनात घोळवलेली वाक्यं माझ्याजवळ होती. त्यातलं एकही तिथे उपयोगाचं नव्हतं.

"माझी चूक झाली," एवढंच मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे सरळ बघितलं. "व्हय," ती म्हणाली, आणि मुलीच्या डोक्यावर पदर धरून बाहेरच्या सरींत गेली.